पळीबाईचा ‘वा’

पिपरी मेघे, वर्धा
२४ नोव्हेंबर

प्रिय दामिनी,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. फाडून टाकायच्या आधी एवढं वाचून घे: घरी सगळे धडधाकट आहेत. रुखमाकाकूंचा गुडघा दुखतो, पण तो तू होतीस तेव्हाही दुखायचा. मयुरीला ताप नाही, खोकला नाही. बकरीला दोन पिल्लं झालीत, एक काळं आणि एक ठिपक्याठिपक्यांचं. आता हवं तर फाड. पण पुढं जे लिहिते आहे ते मयुरीबद्दल आहे, आणि ते फोनवर सांगायची सोय नाही, कारण माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवला आहेस. बरोबरच केलंस. तुझ्या जागी मी असते तर आधी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मग ब्लॉक केलं असतं. तू एक शब्दही बोलली नाहीस. तीन वर्षं झाली, मला तेच खुपतं.

मी इथं पिपरी मेघेला खोली करून राहते, दोन मैत्रिणींबरोबर. पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स. दर सेमिस्टरला एखादा विषय राहतो आणि दर वेळी मी बाबांना सांगते की पेपरच अवघड होता. बाबा अजून आर्वीच्या डेपोतच आहेत, एसटीच्या खाली झोपून नट आवळतात, आणि मी घरी गेले की पहिला प्रश्न ठरलेला: “दामिनीची काई खबर?” मी विषय बदलते. विषय बदलण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून आज ठरवलंय की सगळं एका बैठकीत लिहायचं, मधे चहालासुद्धा उठायचं नाही.

पळीबाईपासून सुरू करते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. नववीत धनंजय सरांनी ते किट मागवलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘शिक्षणासाठी यंत्रमानव’. पोट्ट्यांना लगेच चाकं लावायची होती. कोणाला धावणारा हवा, कोणाला नाचणारा. तू मागच्या बाकावरून उभी राहिलीस, जी तू वर्षातून दोनदा बोलायचीस, आणि म्हणालीस, “सर, आमच्या पोडावरचे लेकरं पह्यलीत सालभर तोंड उघडत नाई. बाई मराठीत बोलते, त्यायले समजत नाई, मंग भेव वाटते. डब्ब्याचं भेव नाई वाटणार.” तू स्वतः त्याच कोलाम वस्तीतली, पहिलीत दोन वर्षं जास्त काढली होतीस, नुसती मुकी बसून, म्हणून तर तू आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी होतीस. त्या वर्षी तुझी धाकटी बहीण मयुरी पहिलीत आली होती. तीही तशीच बसायची, भिंतीला पाठ लावून, दप्तर पोटाशी धरून. सरांनी फळ्यावरचं बाकी सगळं पुसलं आणि तुझं ठेवलं. आणि पुढारी कोण झाली, तर मी. कारण मला भाषण करता यायचं.

तेलाचा पिपा माझ्या घरचा, पळी तुझ्या घरची. हात पुठ्ठ्याचा केला तर तीनदा मोडला, लाकडाचा केला तर मोटरला उचलेना. शेवटी तू काकूंची वरणाची पळी ओढणीत लपवून आणलीस आणि ती अशी बसली की जणू त्याचसाठी घडवली होती. काकू महिनाभर पळी शोधत होत्या आणि शेजारणीवर संशय घेत होत्या. पळीबाई हे नाव मी ठेवलं, तेवढं श्रेय मला दे. तिच्या पोटावर खाच, खाचेत अक्षराचं कार्ड ठेवायचं. पळीबाई विचारायची, “क कुठं हाय?” लेकरानं बरोबर कार्ड ठेवलं की पळी वर जाऊन खाली यायची आणि आवाज यायचा, “वा!” चुकलं की “चूक” म्हणायचं आणि लाल दिवा लावायचा, असं आधी ठरलं होतं. पहिल्याच दिवशी एक लेकरू “चूक” ऐकून बाकाखाली गेलं ते शाळा सुटल्यावरच निघालं. तू तिथल्या तिथं लाल दिव्याची वायर तोडलीस. “चूक नाई म्हणाचं,” म्हणालीस, “आखीन एक खेप म्हणाचं. माही माय मले भाकर थापाले शिकवे तवा हेच म्हणे.” पुन्हा एकदा, एवढाच त्याचा अर्थ. पण तू ते अशा मायेनं म्हणायचीस की मलाच मुद्दाम चुकावंसं वाटायचं.

आवाज तुझा घ्यायचा हे सरांनी ठरवलं आणि मी दोन दिवस फुगून बसले, हे तुला मी कधी सांगितलं नाही. खेळाच्या सामानाची खोली, दारं बंद, आवाज घुमू नये म्हणून दोघींच्या डोक्यावर दोन गोधड्या, आणि आत घामानं चिंब झालेल्या आपण. सगळी अक्षरं झाली, ‘आखीन एक खेप’ झालं, शेवटी ‘वा’ राहिला. तू ‘वा’ म्हटलंस आणि खुदकन हसलीस. मी विचारलं काय झालं, तर गोधडीच्या आत तू सांगितलंस की तुमच्या कोलामीत वा म्हणजे ये. “माय मले वावरातून हाका मारते ना, तवा हेच म्हणते. वा.” तुला म्हणायचं होतं शाबास आणि तोंडातून निघत होतं ये. “वा काढून टाक न शाबास घाल,” म्हणालीस, “नाई तं पोडावरचे लेकरं उठून येतीन.” मला भूक लागली होती, घरी जायचं होतं. मी म्हटलं, राहू दे गं, आले तर आले, गोड दिसेल. मग तू पुन्हा एकदा म्हटलंस, या वेळी न हसता, अगदी हळू, आणि तेच आपण ठेवलं. म्हणजे पळीबाईच्या पोटात जो ‘वा’ होता तो शाबास नव्हताच. तू मयुरीला बोलावलं होतंस. हे जगात दोघींनाच ठाऊक होतं.

आणि ते चाललं, दामिनी. मयुरीनं चौथ्या दिवशी कार्ड उचललं. ‘म’ होतं. पळी वर गेली, खाली आली, तुझा आवाज म्हणाला “वा”, आणि ती दप्तर खाली ठेवून उठली, चालत गेली आणि पिप्याला टेकून उभी राहिली. पोडावरची पाचही लेकरं तसंच करायची. सरांना वाटायचं आनंदानं उठतात. आपण दोघी एकमेकींकडं पाहून हसायचो. दिवाळीपर्यंत मयुरी वर्गात बोलायला लागली आणि डिसेंबरपर्यंत तिला गप्प बस म्हणावं लागायला लागलं.

आष्टीला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात कार्डं मीच ठेवली होती, त्यामुळं काही झालं नाही आणि आपण निवडल्या गेलो. वर्ध्याच्या जिल्हा प्रदर्शनाला मात्र सर म्हणाले, शिकलेलं मूलच सोबत न्या. आदल्या दिवशी तू मला परत म्हणालीस, “काजल, वा बदलव. तिथं मयुरी उठंन न लोकं हासतीन.” पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, आता ऐनवेळी प्रोग्रामला हात लावायचा नसतो. मोठी इंजिनिअर असल्यासारखी.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी लिहिणार, कारण ते आजवर मी माझ्या तोंडानं कोणाला सांगितलेलं नाही. मयुरीला तू निळा फ्रॉक घातला होतास, केसांना तेल चोपडून दोन वेण्या. परीक्षक समोर खुर्च्यांवर, माझ्या हातात माइक. पहिलं उत्तर बरोबर, “वा”, मयुरी उठून पळीबाईकडं गेली. एक मॅडम हसून म्हणाल्या, बस बेटा, बस. ती बसली. दुसरं बरोबर, “वा”, पुन्हा उठली. आता सगळेच हसले. तिसऱ्यांदा ती गेली आणि तिनं दोन्ही हातांनी पळी धरली, तुझा हात धरायची तशी. मोटर अडकली, वायरी ताणल्या, पिपा टेबलावरून सुटला. तू झेप घेऊन तो धरलास आणि पत्र्याची कड तुझ्या मनगटात घुसली. त्याच वेळी टाय घातलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, “ही मुलगी सारखी उठते का? हिला सूचना समजत नाहीत का?”

मला एक वाक्य बोलायचं होतं. सर, तिच्या भाषेत वा म्हणजे ये. या अख्ख्या हॉलमध्ये सांगितलेलं ऐकणारी हीच एक मुलगी आहे; तिला तीनदा ये म्हटलं, ती तीनदा आली. एवढंच. कदाचित पहिला नंबर मिळाला असता, कोण जाणे. पण मला वाटलं, चूक यंत्राची आहे असं कळलं तर नंबर जाईल. ‘वा’ मीच ठेवायला लावला होता, तेही उघडं पडेल. म्हणून मी माइकमध्ये, चांगल्या शुद्ध मराठीत म्हटलं, “सर, ती पोडावरची आहे. त्या लोकांना बसायची सवय नसते.”

परीक्षकांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तू पिपा छातीशी धरून माझ्याकडं पाहिलंस. रागानं पाहिलं असतंस तर मी आजवर कधीच माफी मागून मोकळी झाले असते. तू फक्त नीट पाहिलंस, एखादं अक्षर ओळखीचं वाटतं आणि मग कळतं की ते ते नाहीच, तसं. आपल्याला उत्तेजनार्थ मिळालं. बसमध्ये तू मागच्या सीटवर बसलीस, मयुरी तुझ्या मांडीवर झोपली होती, मनगटाला सरांचा रुमाल. फाट्यावर उतरलात. सोमवारी तू शाळेत आली नाहीस, मंगळवारीही नाही. सर दोनदा पोडावर येऊन गेले. मी एकदाही आले नाही.

घरी मी प्रमाणपत्र दाखवलं आणि बढाई मारता मारता तेही सांगून टाकलं, मी कसं वेळेवर सावरून घेतलं म्हणून. बाबा जेवत होते. त्यांचा हात थांबला. “काय म्हणली तू?” मी पुन्हा सांगितलं. बाबा म्हणाले, “मले जलमभर लोकं हेच म्हणत आले, पोरी. तुमच्या लोकायले असं, तुमच्या लोकायले तसं. माह्या घरातून हा शब्द पह्यल्यांदा बाहीर गेला.” मग ते ताटावरून उठले. बाबासाहेबांच्या फोटोच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र त्यांनी लावू दिलं नाही, आणि खरं सांगते, आजही ते कपाटात कपड्यांखाली आहे. त्या दिवशी मला बाबांचाच राग आला होता. बाबांचं बरोबर होतं हे कळायला मला वर्ष लागलं, आणि कळल्यावर तुझ्याकडं यायची हिंमत व्हायला आणखी दोन. तोपर्यंत तू तिरुपूरकडच्या सूतगिरणीत निघून गेली होतीस.

आता मयुरीचं. ऑक्टोबरमध्ये मी गावी आले होते, तेव्हा सहज शाळेत गेले. पळीबाई अजून पहिलीच्या वर्गात आहे, पिपा थोडा गंजलाय, पण चालायची. धनंजय सर म्हणाले, “एक गंमत पाह्य. मयुरी आता चौथीत हाय, फाडफाड वाचते. पण रोज मधल्या सुट्टीत इथं येऊन बसते न क-ख-ग करते. काऊन करते काई समजत नाई.” मी खिडकीतून पाहिलं. तिनं खाचेत ‘क’ ठेवला. पळी वर गेली, खाली आली. “वा.” ती उठली, जाऊन पळीला हात लावला, क्षणभर उभी राहिली, परत येऊन बसली. ‘ख’ ठेवला. “वा.” उठली. सगळी सुट्टी तिनं तेच केलं. डबा तसाच राहिला.

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं. तिनं मला ओळखलं की नाही ठाऊक नाही, पण उत्तर दिलं, तेही मला वेड्यात काढल्यासारखं: “फोनवर ताई म्हणते, येजो नोको, तिथंच शिकजो. पळीबाई म्हणते, वा.” दामिनी, तुझा फोन दर रविवारी येतो आणि तू तिला काय सांगतेस ते मला आता पाठ आहे. शिकजो, मायले त्रास नको देजो, इकडं येजो नोको. सगळं खरं आहे आणि तिच्याच भल्याचं आहे. पण तू तिच्याशी मराठीतच बोलतेस म्हणे, कोलामीतला एक शब्द काढत नाहीस. काकू म्हणाल्या, वर्ध्याहून आल्यापासूनच तू तसं करतेस, की पोरगी शाळेत कुठं अडायला नको. हे कोणामुळं झालं ते वेगळं लिहायची गरज नाही.

मला वाटलं, देवानं नाही तर निदान पळीबाईनं मला फेडायची संधी दिली. स्पीकर खरखरत होता. मी सरांना म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत वर्ध्याला नेते, नवा स्पीकर बसवते, शब्द आणि वाक्यंही घालते. हौस फार. इथं खोलीवर ते छोटं मेमरी कार्ड काढलं, लॅपटॉपमध्ये घातलं. लॅपटॉपनं सांगितलं, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? मी हो म्हटलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, आधी कॉपी काढून ठेवायची असते हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. बोट दाबलं गेलं आणि मग कळलं. गोधडीत ज्यावर आवाज भरला तो सरांचा मोबाइल केव्हाच मोडीत गेलाय. दुसरीकडं कुठंही तुझा तो आवाज नाही. आठ दिवस मी कॉलेजला गेले नाही, मिळेल ते सॉफ्टवेअर लावून पाहिलं, सरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. पुसलेल्यातून एकच फाइल परत निघाली. “आखीन एक खेप.”

अक्षरं मी माझ्या आवाजात भरली. ‘वा’ही माझ्याच आवाजात म्हटला, गोधडी घेऊन, दहा वेळा, अगदी तुझ्यासारखा. शाळा सुरू झाल्यावर पळीबाई घेऊन गेले. मयुरी पळत आली. ‘क’ ठेवला. “वा.” ती उठली नाही. पळीबाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाली, “हे शाबासवालं वा हाय.” दुसरं कार्ड ठेवलं नाही.

तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, तिला ताईचा आवाज हवा आहे आणि माझ्याकडं ताईचा एक तरी आवाज आहे. मी माझा ‘वा’ काढला आणि तिथं तुझी ती एकुलती एक फाइल घातली. कार्ड बरोबर असो की चूक, आता तुझाच आवाज येणार, असं करून मी संध्याकाळच्या बसनं वर्ध्याला निघून आले. मी यंत्राच्या बाजूनं विचार केला. लेकराच्या बाजूनं करायची अक्कल तेव्हाही नव्हती, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काय झालं ते सरांनी मला फोनवर सांगितलं. तिनं ‘क’ ठेवला. पळी वर गेली, तुझा आवाज आला, आणि सर म्हणतात तिचा चेहरा असा फुलला की बस. “आखीन एक खेप.” तिनं कार्ड पुसून पुन्हा ठेवलं. “आखीन एक खेप.” मग तिनं ‘ख’ ठेवला, मग ‘ग’, मग ‘म’, एकेक करून सगळी. प्रत्येक बरोबर होतं आणि प्रत्येकाला तू तेच म्हणालीस. शेवटचं कार्ड झाल्यावर तिनं सगळी कार्डं नीट लावून डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि दप्तर घेऊन घरी गेली. आज चौदा दिवस झाले, ती शाळेत आलेली नाही.

म्हणून मी काल पोडावर गेले. वाटलं काकू दारातूनच हाकलतील. त्यांनी पाणी दिलं, बाज टाकली आणि म्हणाल्या, “लय दिसानं आली व माय. दामिनी तं नाई.” जणू मी तुझ्याबरोबर अभ्यासालाच आले होते. मग हसत हसत तुझी गोष्ट सांगायला लागल्या. गिरणीत पहिल्या दिवशी तिथली मुकादमीण तमिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि शेवटी म्हणाली, वा. आपल्याकडच्या बाकी पोरी एकमेकींची तोंडं पाहत उभ्या राहिल्या, आणि तू एकटी उठून तिच्याजवळ गेलीस. तिकडंही वा म्हणजे ये. “एवढ्या दूर आपला शब्द कसा गेला व पोरी?” काकू मला विचारत होत्या, मी शिकलेली म्हणून. तू त्यांना फोनवर म्हणालीस म्हणे, “माय, इथं वा म्हटलं तं कोणी हासत नाई.” मला हसायला हवं होतं. मी पाणी पिऊन घेतलं.

मयुरी बकरीच्या पिल्लांजवळ बसली होती. मी शाळेचं विचारलं तर तिनं एक पिल्लू मांडीवर ओढलं. काकूच म्हणाल्या, “तिले काय झालं काई समजत नाई. म्हणते, ताई रागावली. म्हणते, मले काईच येत नाई असं ताई म्हणून राह्यली.” गेल्या दोन रविवारी तू फोन केलास तेव्हा ती आली नाही ना? तुला वाटलं असेल खेळत असेल. ती घराच्या मागं जाऊन बसली होती, दामिनी. तिला वाटतं, ती इतकी चुकली की तू तिला बोलवायचं बंद केलंस.

मी तिला समजावलं. यंत्र बिघडलंय, माझ्या हातून बिघडलंय, ताई रागावलेली नाही. तिनं ऐकून घेतलं आणि पिल्लाच्या कानात गवताची काडी घालत राहिली. माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला काही कारण नाही. तुम्हा दोघींपैकी कोणालाच नाही.

हे पत्र लिहायला बसले तेव्हा पाकिटात ते मेमरी कार्ड घालून ठेवलं होतं, चांदीच्या कागदात गुंडाळून. म्हणणार होते की तिकडं कोणाच्या तरी मोबाइलमध्ये ‘वा’ भरून पाठव, मी बसवते. इथपर्यंत लिहिलं आणि कार्ड परत काढलं. आम्ही तुझी कल्पना घेतली, तुझ्या आईची पळी घेतली, तुझा आवाज घेतला आणि तुला फाट्यावर उतरवून दिलं. आता पुन्हा आवाजच मागायचा? पिप्यात भरायला मला तुझ्याकडून काही नको. मला माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझं तू पाहा. रविवारी फोन करशील तेव्हा काकूंना सांग, फोन मयुरीच्या कानाला लावून धरा म्हणून, आणि शिकजो, राहजो काही न म्हणता तिच्याशी तुमच्या बोलीत बोल. आणि सुट्टी मिळेल तेव्हा, चार दिवसांची का होईना, घरी ये. फाट्यावर बाबा येतील, मी नको असेन तर मी येणार नाही. तिकडं तुला उठता-बसता कोणी ना कोणी तो शब्द म्हणतं आणि तू उठून जातेस. इकडं म्हणणारी एक पळीबाई होती, तीही मी मुकी केली. म्हणून तीन वर्षांपूर्वी जे माइकमध्ये सांगायचं होतं ते आज तुलाच सांगते आहे, मला जमेल तसं, गोधडीतल्यासारखं हळू. दामिनी, वा. हे शाबासवालं नाही.

तू मानलंस तर तुझीच,
काजल